वरचे किती?

मोटारसायकल विकायचा निर्णय आमच्या घरात मी सोडून सगळ्यांनी घेतला. बायको म्हणाली, "अहो, त्या गाडीवर मागे बसलं की पाठीचे मणके एकेक करून मोजता येतात." मुलगा म्हणाला, "बाबा, कॉलेजच्या गेटपर्यंत नका येऊ, अलीकडच्या चौकातच सोडा." पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्या काकांची तक्रार आध्यात्मिक होती. मी सकाळी साडेसहाला किका मारायला लागलो की त्यांच्या प्राणायामाची लय बिघडते, श्वास घ्यायचा की सोडायचा हे माझ्या किकवर ठरायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा गाडी चालूच होईना, तेव्हा त्यांनी बराच वेळ श्वास रोखून धरला होता म्हणे.

गाडी म्हणजे २००८ सालची स्प्लेंडर. काळी, जांभळ्या पट्ट्यांची. टाकीवर अजून 'हीरो होंडा' असं जोडनाव आहे. त्या दोन कंपन्यांनी २०१०च्या डिसेंबरात वेगळं व्हायचं ठरवलं, पुढच्या वर्षी हीरोने नवं नावसुद्धा लावलं. पण माझ्या टाकीवर त्यांचा संसार सुखाने चालू होता. पंधरा वर्षं झाल्यावर मी रीतसर पर्यावरण कर भरून तिचं पासिंग २०२८पर्यंत वाढवून घेतलं होतं. त्यात सरकारने एप्रिल २०१९च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची केली. तीही मी ५३१ रुपये भरून लावली. आता गाडीवर नवीन म्हणावं असं तेवढंच होतं, पण ते लांबून दिसायचं.

विकायचं ठरल्यावर पहिला प्रश्न किमतीचा. या बाबतीत आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही. बँकवाले काका म्हणाले, "चाळीसच्या खाली बोलूच नका. स्प्लेंडर आहे, सोनं आहे." मेहुणे म्हणाले, "चाळीस जास्त होतात, पण पंचवीसला डोळे झाकून जाईल."

"मग तुम्ही घेता पंचवीसला?"

"मी? मला काय करायचीय ती?"

जुन्या गाडीची किंमत सांगणारा माणूस आणि जुनी गाडी घेणारा माणूस एकाच घरात कधी सापडत नाहीत. माझी आशा तरी सुटत नव्हती, कारण मी वाढलो तो काळच वेगळा. आमच्या लहानपणी बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावावा लागे आणि तो लागायला वर्षं जात. आठ-दहा वर्षं वाट पाहिलेली माणसं पुण्यात अजून भेटतात. परदेशी चलन भरलं तर स्कूटर लवकर हातात यायची. त्यामुळे अमेरिकेतल्या आतेभावाची चौकशी घराघरात फार मायेने व्हायची. आणि एवढ्या तपश्चर्येने आलेली स्कूटर दारात येताच विकायला काढली तर घेतल्या किमतीपेक्षा जास्त पैसे मिळायचे. जुनी गाडी नवीपेक्षा महाग! असल्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या माणसाला स्प्लेंडरचे तीस हजार म्हणजे दानधर्मच वाटणार.

तीस हजारांची गाडी तीस हजारांची दिसावी म्हणून मी तिला वॉशिंग सेंटरला नेली. तिथल्या पोराने पाण्याचा फवारा सोडला. चिखल गेला. चिखलाच्या आधाराने टिकून असलेले दोन नटबोल्टही गेले. आजवर गंजाचा रंग मातीत मिसळून गेला होता, तो आता स्वतंत्रपणे उठून दिसायला लागला. मग मी पॉलिश लावलं, सीटला नवं कव्हर चढवलं, आरशाची तार काढून खरा स्क्रू लावला. बायको गॅलरीतून बघत होती. म्हणाली, "आधीच एवढी नीट ठेवली असती तर विकायला कशाला काढावी लागली असती?" या प्रश्नाला उत्तर नसतं. जुन्या गाडीची खरी सेवा ती विकायला काढल्यावरच सुरू होते; लग्न ठरलेल्या घराला रंग लागतो तो याच न्यायाने.

आधी मी घरबसल्या विकायचा प्रयत्न केला. फोटो टाकले, 'सिंगल हँड, उत्तम कंडिशन' असं लिहिलं. फोन भरपूर आले. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: "लास्ट किती?" नमस्कार नाही, गाडी कोणती हेही नाही, एकदम शेवटचा आकडा. सुरुवातीचा आकडा सांगायची तर कोणी संधीच देत नव्हतं. एकजण चार मित्र घेऊन आला. प्रत्येकाने एकेक फेरी मारली, पाचव्याने फेरीच्या वाटेवर आईचं औषध आणलं, आणि गाडी रिझर्व्हला लावून "घरी विचारून सांगतो" म्हणत सगळे निघून गेले. त्यानंतर ठरलं की शोरूममध्येच एक्स्चेंजला द्यायची. जुनी द्या, नवी न्या, वरचे पैसे भरा. कागदावर याहून सोपं काही नाही.

शोरूमच्या काचेच्या दारातून आत शिरताच टाय लावलेला एक पोरगा धावत आला. "या सर, बसा सर, पाणी घेणार का सर?" आयुष्यात इतक्या वेळा 'सर' मी शिकवणीला जायचो तिथल्या सरांनाही कोणी म्हटलं नव्हतं. मी १२५ सीसीची एक निळी गाडी पसंत केली. त्याने मला तिच्यावर बसवलं, आरसा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला निळा फारच सूट होतो." मी पोट आत घेतलं.

मग मी हळूच म्हणालो, "एक्स्चेंज आहे."

एक्स्चेंज म्हटल्यावर शोरूममधला उजेड थोडा कमी होतो, असा माझा अनुभव आहे. पोराने काचेतून बाहेर पार्किंगकडे पाहिलं. तिथे नव्याकोऱ्या गाड्यांच्या रांगेत माझी स्प्लेंडर साइड स्टँडवर वाजवीपेक्षा जास्त कलून उभी होती.

"ती का सर?"

"तीच. नंबरप्लेट एकदम नवी आहे."

"तुमची अपेक्षा काय आहे?"

"तुम्ही सांगा ना."

"नाही सर, तुम्ही सांगा."

"गाडी तुम्ही घेताय, तुम्ही सांगा."

या 'पहिले आप'मध्ये अख्खी लखनौची गाडी निघून गेली असती. शेवटी त्याने गाडी तपासणाऱ्या माणसाला बोलावलं.

या माणसाबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं. मळकट निळा शर्ट, कानामागे पेन्सिल, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातली कुठलीच गाडी त्याला आता फसवू शकत नाही. तो बोलत नसे. फक्त 'हं' म्हणे. आणि त्याच्या प्रत्येक 'हं'ला माझ्या गाडीचे पाचशे रुपये कमी होतायत हे मला स्पष्ट ऐकू येत होतं. त्याने पुढचा ब्रेक दाबून गाडी खाली-वर केली. फोर्कमधून तेलाचा एक ओघळ आला. हं. मागचं चाक धरून आडवं हलवलं. हं. चेन बोटाने उचलली, ती नको तेवढी उचलली गेली. हं, हं. मग त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"टॅपेट वाजतायत."

"अहो, ते पहिल्यापासूनच वाजतात!" मी गाडीची बाजू घेतली.

"किलोमीटर किती झालेत?"

"एकसष्ट हजार."

"काटा चालू आहे?"

"सध्या नाही."

"कधीपासून बंद?"

मी मुलाच्या इयत्तेवरून हिशोब करायला लागलो. पण त्याला उत्तराची घाई नव्हती. त्याने कानामागची पेन्सिल काढून चॅसी नंबरवर कागद घासला आणि मग ज्या प्रसंगाची मला भीती होती तो आला: त्याने किकवर पाय ठेवला. ज्या गाडीने माझ्या सोसायटीला प्राणायाम शिकवला, ती त्याच्या अर्ध्या किकला सुरू झाली! मी आनंदावं की अपमान वाटून घ्यावा हे कळेना. तो एक चक्कर मारून आला आणि त्याने निकाल दिला: "चाळीसच्या पुढे जात नाही."

"जायचंय कशाला? पुण्यात चाळीसने जायला मोकळा रस्ता कुठे आहे?" हा मुद्दा बिनतोड होता. त्याने 'हं' केलं.

चाकणच्या बाजारात बैलांचे सौदे व्हायचे त्याची मला या सगळ्यात राहून राहून आठवण येत होती. दलाल बैलाचं तोंड उघडून दात बघणार, आदत आहे, दुसा आहे की जुळलेला ते ठरवणार, शेपूट पिळून चालवून पाहणार. आणि मग दोघं उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबणार. आकडा तोंडाने उच्चारायचा नाही, भोवतीच्यांना कळता कामा नये. त्याच चाकणला आता बजाजचा कारखाना आहे, पल्सर तिथे बनते. बैल गेला, पल्सर आली, रीत तीच राहिली. फक्त उपरण्याच्या जागी कॅल्क्युलेटर आला. टायवाल्या पोराने टकटक करून त्यावर एक आकडा उमटवला आणि एक शब्दही न बोलता यंत्र माझ्याकडे वळवलं.

९,०००.

"हे महिन्याचे का?" मी विचारलं.

"नाही, गाडीचे."

मी त्याच्या हातातून कॅल्क्युलेटर घेतला, ३०,००० उमटवले आणि त्याच्याकडे वळवला. त्याने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाला, "काका..."

सरचा काका झाला की समजावं, खरी बोलणी आता सुरू झाली. पुढचा तासभर आमचं दोघांचंही तोंड दोन प्रकारे चालत होतं. मी जुन्या गाडीचे जे गुण सांगत होतो नेमके तेच नव्या गाडीचे दोष म्हणून दाखवत होतो. जुनीची सीट मऊ पडलीय म्हणजे बसायला आरामशीर. नवीची सीट कडक, कोण बसणार हिच्यावर? जुनीचा आवाज भारदस्त, रस्त्यात लोक आपोआप बाजूला होतात. नवीचा आवाजच नाही, चालू आहे की बंद कसं कळायचं? तोही काही कमी नव्हता. माझ्या गाडीचं १८ वर्षांचं वय सांगून त्याने भाव पाडला आणि त्याच दमात नवी गाडी 'वीस वर्षं हात लावायला लागणार नाही' म्हणून चढवली. तिचं विसाव्या वर्षी काय होणार, तेव्हा स्क्रूड्रायव्हर कोणाच्या कानाला लागणार, हे आम्ही दोघांनीही काढलं नाही.

"काका, मॅनेजरना विचारून येतो. तुमच्यासाठी स्पेशल केस करतो."

मॅनेजर काचेच्या केबिनमध्ये होते. काच असल्यामुळे माझी स्पेशल केस मला पूर्ण दिसत होती. पोरगा आत गेला, टेबलावर टेकून मोबाइल बघत उभा राहिला. मॅनेजर वडापाव खात होते. त्यांनी वर पाहिलंही नाही. मग पोराने त्यांच्या पुढ्यातली एक मिरची उचलली, खाल्ली आणि बाहेर आला तो फार मोठी लढाई जिंकल्याच्या थाटात. "सर ऐकतच नव्हते. पण मी भांडून पाचशे वाढवून घेतले." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरची तिखट असावी.

मंडईत भाजी घेताना आपण एक युक्ती करतो. भाव पटला नाही की चालायला लागायचं. चार पावलांत मागून हाक येते. मी तसाच ताडकन उठलो. "जमत नसेल तर राहू द्या!" म्हटलं आणि दाराकडे निघालो. हाक येईना. म्हणून मी वाटेत एक माहितीपत्रक उचलून वाचलं, पाण्याच्या यंत्रापाशी थांबून पाणी प्यायलो, मग दुसऱ्या रंगाच्या गाडीचं माहितीपत्रक वाचलं. तरी हाक येईना. शेवटी बाहेर जाऊन गाडीला किक मारली. मारली. मारतच राहिलो. काचेपलीकडून टायवाला पोरगा, मॅनेजर आणि कानामागे पेन्सिलवाला असे तिघं ओळीने उभे राहून बघत होते. अखेर सुरक्षारक्षकाने मागून धक्का मारला तेव्हा गाडी सुरू झाली. वाढवलेले पाचशे गेल्याचं मला न सांगता कळलं.

पुढच्या वेळी मी बायकोला बरोबर नेलं. खरं म्हणजे तिने मला नेलं. ती येऊन बसली, पिशवीतून किराण्याच्या यादीचा कागद काढला, पाठकोरी बाजू वर केली आणि गप्प राहिली. पोराने छापील कोटेशन समोर ठेवलं आणि उत्साहाने सुरुवात केली. "मॅडम, दहा टक्के तर आम्ही आधीच कमी केलेत."

"ते तर सरकारने केलेत," बायको म्हणाली. "२२ सप्टेंबर २०२५ला. साडेतीनशे सीसीपर्यंत जीएसटी २८चा १८ झाला."

"हो, पण तुमच्यापर्यंत पोचवला कोणी?"

"बरं. पुढे."

"हेल्मेट आमच्याकडून फ्री."

"दुचाकी विकताना हेल्मेट देणं नियमातच आहे."

"साडीगार्डसुद्धा फ्री!"

"तोही नियमातच आहे." ही सगळी माहिती तिने कधी मिळवली मला माहीत नाही. मी रोज तिच्यासमोर वर्तमानपत्र वाचतो. बहुधा मागची बाजू ती वाचत असावी.

कोटेशनवर एक ओळ होती: 'हाताळणी शुल्क १,५००.' तिने त्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"मॅडम, गाडी कंपनीतून येते, आम्ही ती उतरवतो, ठेवतो, पुसतो..."

"म्हणजे आम्ही घ्यायच्या आधीच तुम्ही ती हाताळलीत. मग तर किंमत कमी व्हायला पाहिजे. आमच्या गाडीची तशीच केलीत ना?"

पोराने पेन उचललं आणि ती ओळ खोडली. माझ्या पूर्ण घासाघिशीत जे पाचशे वाढून परत गेले होते त्याच्या तिप्पट रक्कम एका वाक्यात सुटली. चमक टिकवणारं टेफ्लॉन कोटिंग, वाढीव वॉरंटी, टाकीचं कव्हर, सगळं याच पद्धतीने गेलं. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा तेवढा राहिला, कारण नव्या दुचाकीला तो सप्टेंबर २०१८पासून घ्यावाच लागतो, हेही तिलाच ठाऊक होतं.

आता पोरगा जुन्या गाडीवर आला. त्याचा सूर एकदम उदार झाला होता. "मॅडम, गाडीचे अकरा हजार आणि एक्स्चेंज बोनस तीन हजार. टोटल चौदा! काकांना नऊ सांगितले होते."

माझी छाती फुगली. नऊचे चौदा! मी बायकोकडे पाहिलं. ती यादीच्या मागे दोन आकडे लिहीत होती.

"समजा आम्ही जुनी गाडी दिलीच नाही," ती म्हणाली, "तर ही नवी कितीला?"

"तर मग... कॅश डिस्काउंट पाच हजार बसतो. एक लाख दोन हजार."

"आणि जुनी दिली तर वरचे किती?"

"एक लाख सात वजा चौदा. त्र्याण्णव हजार."

"म्हणजे जुनी दिली की कॅश डिस्काउंट जातो."

"हो, दोन्ही एकदम नाही ना मिळत मॅडम. सिस्टीम घेत नाही."

तिने वजाबाकी केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. एक लाख दोन हजारांतून त्र्याण्णव हजार गेले. उरले नऊ. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटणाऱ्या त्या माणसाने पहिल्या दिवशी जो आकडा काढला होता, त्यावरून जग एक रुपयाही हललं नव्हतं. माझी वादावादी, मॅनेजरची मिरची, बोनस, स्पेशल केस हे सगळं त्या नऊ हजारांभोवती फेर धरून पुन्हा त्याच जागी येऊन बसलं होतं. शोरूममध्ये आकडा एकच असतो, वरचे किती द्यायचे तो. बाकीचे आपल्याला बरं वाटावं म्हणून छापलेले असतात. पण खरं सांगतो, चौदा ऐकून मला बरं वाटलं होतं. सोसायटीत मी अजून चौदाच सांगतो.

"ऑफर आजपर्यंतच आहे," पोरगा म्हणाला. ती आदल्या भेटीतही त्याच दिवसापर्यंत होती. बायकोने पाडव्याचा मुहूर्त सांगितला तर तो लगेच म्हणाला की पाडव्यालाही ऑफर आहे, फक्त तीही त्याच दिवसापर्यंत आहे.

पाडव्याला आम्ही सौदा पुरा केला. फॉर्म २९, फॉर्म ३०, प्रत्येकाच्या प्रती, प्रत्येकावर सह्या. २००८ सालच्या कागदांवरची माझी सही आणि आताची सही जुळेना. तेव्हा मी नावाखाली झोकदार रेघ ओढून दोन टिंबं द्यायचो. टायवाल्या पोराने एका रद्दी कागदावर मला माझीच सही गिरवायला बसवलं. रेघ जमली, पण झोक काही येईना. "काका, जरा तरुणपणीसारखी करा," तो म्हणाला. चावी देताना मला आठवलं की टाकीत दोनशे रुपयांचं पेट्रोल आहे. मी बाटली मागितली. बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला. तो तिने किती जोरात काढला ते इथे सांगण्यासारखं नाही, पण पेट्रोल राहिलं.

निळी गाडी बरी आहे. सेल्फने चालू होते, मणके मोजता येत नाहीत. बँकवाल्या काकांचा मात्र आता प्राणायामच सुटला. साडेसहाला जागच येत नाही म्हणतात.

इथवर सगळं ठीक होतं. पावसाळ्यात एके दिवशी मोबाइलवर संदेश आला: वाहतूक पोलिसांचं ई-चलान. गुन्हा, वेगमर्यादेचं उल्लंघन. वाहन, माझी स्प्लेंडर. वेग ताशी ७१ किलोमीटर. सोबत फोटो. तीच काळी-जांभळी गाडी, वर तीन पोरं, आणि माझ्या ५३१ रुपयांच्या नंबरप्लेटवरचं अक्षर न् अक्षर स्पष्ट. शोरूमवाल्यांनी गाडी पुढे विकली होती, पण आरसीवरचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. कायदा म्हणतो, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक. गाडी तुम्ही कधीच देऊन टाकलीत ही सबब चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली एका अपघाताच्या खटल्यात सांगितलं आहे.

घरात सगळ्यांना दंडाची काळजी लागली. मला मात्र तो आकडा राहून राहून बघावासा वाटत होता. एकाहत्तर! तेही ट्रिपल सीट! मी चलानाची छापील प्रत काढली, नीट घडी केली आणि तडक शोरूम गाठलं. मनात भाषण तयार होतं: तुमचा माणूस म्हणाला होता गाडी चाळीसच्या पुढे जात नाही, हा घ्या सरकारी पुरावा, आता तीस हजारांतले उरलेले काढा.

टायवाला पोरगा नव्हता. तो समोरच्या दुसऱ्या कंपनीच्या शोरूमला लागला होता. त्याच्या जागी तसाच टाय लावलेला दुसरा पोरगा धावत आला. "या सर, बसा सर, पाणी घेणार का सर? एक्स्चेंज आहे?"

मी त्याला चलान दाखवलं. त्याने ते नीट वाचलं, वेगाचा आकडा पाहून "भारी गाडी दिसतेय सर" म्हणाला, आणि नाव बदलायचं काम दुसऱ्या माणसाकडे असतं, तो आज सुट्टीवर आहे, असं सांगितलं.

तेव्हा वाचकहो, तुम्ही जुनी गाडी शोरूमला देणार असाल तर भाव कितीचाही घ्या, पण फॉर्म २९ आणि ३०ची सही-शिक्क्याची प्रत घरी आणा, गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून घ्या, आणि आरसीवरचं नाव बदलेपर्यंत त्यांना फोन करत राहा. दुचाकीला जादा वेगाचा दंड एक हजार रुपये आहे. तो मी भरला. गाडी आठ हजारांना गेली.